अंध विद्यार्थी आणि आभासी संगणक : प्रात्यक्षिक स्वतःच्या हातांनी करण्याची वाट

प्रस्तावना

संगणकाच्या बहुतेक अभ्यासक्रमांत एक प्रात्यक्षिक हमखास असते : कोऱ्या संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीम बसविणे. हार्ड डिस्कचे भाग पाडणे, विंडोज किंवा लिनक्स चढविणे, बिघडले तर पुसून पुन्हा सुरुवात करणे, हे सारे विद्यार्थ्याने स्वतः करावयाचे असते. वर्गात एखादी अंध विद्यार्थिनी असली की या तासाला दोनपैकी एक गोष्ट घडण्याचा संभव असतो. एक तर तिला सूट दिली जाते. नाही तर शेजारची मुलगी सर्व कृती करते आणि वहीत नाव दोघींचे लागते. दोन्हींमागचा हेतू चांगला असतो. परंतु अभ्यासक्रम संपल्यावर प्रमाणपत्र हाती घेतलेल्या त्या मुलीला संगणक उभा करता येत नाही, आणि नोकरीच्या ठिकाणी पहिल्याच आठवड्यात ते उघडे पडते.

ज्ञानाची ओढ असलेल्या अंध व्यक्तीचा प्रश्न मुस्लिम समाजाला नवा नाही. हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) हे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे शिकण्यासाठी आले, त्या प्रसंगाशी कुरआनातील ‘अबस’ ही ८० वी सूरह जोडलेली आहे. पुढे हेच सहाबी मदिनेत हजरत बिलाल (रजि.) यांच्याबरोबर अजान देत असत, आणि प्रेषित बाहेरगावी असताना मदिनेची जबाबदारीही त्यांच्याकडे सोपविली जाई. अंध माणसाला केवळ सहानुभूती न देता काम दिले गेले, ही गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

कायद्याचा रोखही तोच आहे. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी दिव्यांग विद्यार्थ्यांना सर्वांबरोबर शिक्षण द्यावे आणि प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी कराव्यात, अशी अपेक्षा त्याच्या १६ व्या कलमात आहे. संगणक प्रयोगशाळेत अशी एक सोय जवळजवळ विनाखर्च करता येते. ती म्हणजे आभासी संगणक, अर्थात व्हर्च्युअल मशीन. मात्र त्याचा उपयोग अंध विद्यार्थ्याला कसा होतो आणि कोठे अडतो, हे शिक्षकाला नीट ठाऊक असावे लागते. प्रस्तुत लेखाचा उद्देश तेवढाच आहे.

आभासी संगणक म्हणजे काय?

एका खऱ्या संगणकाच्या आत, एका प्रोग्रॅमच्या साहाय्याने दुसरा संगणक उभा करणे म्हणजे आभासी संगणक. खऱ्या संगणकाच्या स्मृतीतला काही भाग त्याला दिला जातो. एक मोठी फाइल त्याची हार्ड डिस्क होते. साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड, कीबोर्ड हे सारे त्याला प्रोग्रॅमकडून मिळते. आत बसविलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमला आपण खऱ्याच यंत्रावर आहोत असे वाटते. खऱ्या संगणकाला यजमान आणि आतल्याला पाहुणा म्हणण्याची पद्धत आहे. पुढे हेच शब्द वापरले आहेत.

ही कल्पना जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकात तिच्यावर काम केले आणि १९७२ मध्ये मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली आणली. टेबलावरच्या संगणकावर ती रूढ झाली ती १९९९ मध्ये आलेल्या व्हीएमवेअर वर्कस्टेशनमुळे. आज त्याच्याबरोबर ऑरॅकलचे व्हर्च्युअलबॉक्स आणि मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही हे प्रोग्रॅम प्रयोगशाळांत दिसतात.

सर्वच विद्यार्थ्यांना याचा एक लाभ आहे. पाहुणा बिघडला तरी यजमानाला धक्का लागत नाही. चालू स्थितीची नोंद, म्हणजे स्नॅपशॉट, घेऊन ठेवली तर चुकल्यावर काही क्षणांत मागे जाता येते. अंध विद्यार्थ्याला यापलीकडे आणखी एक लाभ होतो. खरा संगणक सुरू होताना दिसणारे पहिले पडदे, बायोसचा पडदा किंवा डिस्क निवडण्याचा पडदा, त्याच्या दृष्टीने मुके असतात. बोलून दाखविणारा स्क्रीन रीडर हा ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारा प्रोग्रॅम आहे. ती सुरू होण्यापूर्वी त्याला अस्तित्वच नसते. आभासी संगणकात मात्र हेच पडदे एका बोलत्या संगणकावरील खिडकीत उघडतात, आणि बोलत्या संगणकाच्या मदतीने त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचे उपाय आहेत.

अडचणीचे मूळ

येथे एक गैरसमज आड येतो. शिक्षक यजमानावर स्क्रीन रीडर सुरू करून देतात, विद्यार्थी पाहुणा संगणक चालू करतो, आणि खिडकीचे नाव उच्चारून आवाज थांबतो. आत विंडोज उघडलेले असते, बटणे दिसत असतात, परंतु एक शब्द ऐकू येत नाही. मग हे तंत्र अंधांसाठी नाहीच, असा निष्कर्ष काढून विषय संपविला जातो.

स्क्रीन रीडर पडदा पाहत नाही, हे यामागचे कारण. प्रत्येक प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टीमला सांगत असतो की येथे एक बटण आहे, त्याचे नाव अमुक, ते सध्या निवडलेले आहे. विंडोजमध्ये ही व्यवस्था १९९७ मध्ये ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी या नावाने आली, पुढे यूआय ऑटोमेशन आले. लिनक्समध्ये तिच्या जागी एटी-एसपीआय आहे. स्क्रीन रीडर हे निरोप ऐकतो आणि बोलून दाखवितो. पाहुण्या संगणकातले निरोप पाहुण्यातच राहतात. यजमानाकडे येते ते केवळ चित्र. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला आतली माणसे बोलताना दिसावीत पण ऐकू येऊ नये, तशी यजमानावरील स्क्रीन रीडरची स्थिती होते.

एवढे समजले की उपाय तीनच उरतात : पाहुण्याला स्वतःचा आवाज द्यावा, आतला मजकूर अक्षररूपाने बाहेर आणावा, किंवा बाहेर आलेल्या चित्रातून अक्षरे ओळखून घ्यावीत.

पहिली वाट : पाहुण्याला स्वतःचा आवाज

पाहुण्यातच स्क्रीन रीडर चालविणे हा रोजच्या कामासाठी सर्वांत सोयीचा मार्ग. विंडोजसाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये तो लिहावयास घेतला, आणि जेम्स टेह या दुसऱ्या अंध प्रोग्रॅमरबरोबर त्याने उभी केलेली ना-नफा संस्था आजही तो चालविते. त्यासोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या आवाजात इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी आणि उर्दूही आहे.

प्रश्न आहे तो एनव्हीडीए बसविण्यापूर्वीच्या टप्प्याचा. विंडोज १० च्या पुढच्या आवृत्त्या आणि विंडोज ११ यांच्या सेटअपमध्ये कंट्रोल, विंडोज आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबल्या की विंडोजचा स्वतःचा नॅरेटर बोलू लागतो. परंतु त्यासाठी सेटअपला पाहुण्याचे साउंड कार्ड ओळखता आले पाहिजे. येथेच बरेच प्रयत्न फसतात. आभासी साउंड कार्ड जुन्या एसी-९७ प्रकारचे असेल तर आजच्या ६४ बिट विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर नसतो आणि सेटअप मुका राहतो. म्हणून पाहुणा संगणक तयार करतानाच इंटेल एचडी ऑडिओ हा प्रकार निवडला आहे की नाही, हे तपासावे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ते ऑडिओच्या सेटिंगमध्ये असते. व्हीएमवेअरमध्ये पाहुण्याची सारी माहिती एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असल्यामुळे ती नोटपॅडमध्ये उघडून साउंडची ओळ स्क्रीन रीडरने वाचता आणि बदलता येते.

आणखी एक बारीक अडचण सांगितली पाहिजे. विंडोजच्या डिस्कवरून सुरुवात होताना ‘कोणतीही कळ दाबा’ असा संदेश काही सेकंदच येतो आणि तो कोणी वाचून दाखवीत नाही. कळ दाबली गेली नाही तर सेटअप सुरूच होत नाही, आणि आवाज का येत नाही हे विद्यार्थ्याला कळत नाही. पाहुणा चालू करताच कीबोर्ड त्याच्या ताब्यात देऊन स्पेसबार एक-दोनदा दाबण्याची सवय लावावी.

लिनक्समध्ये डेबियनची व्यवस्था अनुकरणीय आहे. तिची सुरुवातीची यादी उघडली की बीप वाजतो. त्या वेळी इंग्रजी एस ही कळ दाबून एंटर दिले की पुढचे सर्व प्रश्न बोलून विचारले जातात. उत्तरे आकड्यांनी द्यावयाची असतात. बसविलेल्या प्रणालीतही आवाजाची सोय आपोआप राहते. पहिल्या प्रात्यक्षिकासाठी विंडोजपेक्षा डेबियन घ्यावे असे सुचविण्याचे हे कारण आहे. दृश्य डेस्कटॉप न घेतल्यास पाहुण्याला १ जीबी स्मृतीही पुरते.

दुसरी वाट : मजकूर बाहेर आणणे

सर्व्हर, नेटवर्किंग किंवा प्रोग्रॅमिंगच्या अभ्यासक्रमात पाहुण्याची खिडकी उघडण्याचीही गरज नसते. लिनक्स पाहुण्यात एसएसएच ही सेवा चालू असेल तर विद्यार्थी यजमानावरील कमांडच्या खिडकीतून त्यात शिरतो. येणारे प्रत्येक उत्तर खऱ्या अक्षरांत येते आणि यजमानावरचाच स्क्रीन रीडर ते वाचतो. पाहुण्याला आवाजाची गरजच उरत नाही. उद्या तोच विद्यार्थी दूरच्या शहरातील सर्व्हरवर काम करील तेव्हा तेथेही हीच पद्धत असेल; म्हणजे ही केवळ अंधांसाठीची सवलत नसून व्यवसायातली प्रचलित रीत आहे.

पाहुणा संगणक तयार करणे, चालू-बंद करणे, स्नॅपशॉट घेणे ही कामेही लिहिलेल्या आज्ञांनी होतात. व्हर्च्युअलबॉक्सबरोबर यासाठी व्हीबॉक्समॅनेज हा आज्ञांचा प्रोग्रॅम येतो. हायपर-व्हीची कामे पॉवरशेलमधून होतात, आणि विंडोज पाहुण्यात नेटवर्क नसतानाही पॉवरशेलमधून शिरता येते. विंडोज बसविण्याची सर्व उत्तरे आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवण्याची सोय आहे. त्याच फाइलमधून एनव्हीडीए गुपचूप बसविण्याची आज्ञा दिली, तर पहिल्यांदा उघडणारा विंडोजच बोलता असतो. ही फाइल विद्यार्थ्यानेच लिहावी, असे प्रात्यक्षिक ठेवता येईल.

विंडोज पाहुण्यासाठी आणखी एक पर्याय आहे. एनव्हीडीएच्या २०२५.१ या आवृत्तीपासून दूरच्या संगणकाशी जोडण्याची सोय त्यातच आलेली आहे. त्यापूर्वी ती स्वतंत्र जोड म्हणून मिळत असे. यजमान आणि पाहुणा या दोन्हींवर एनव्हीडीए चालवून ते एकमेकांना जोडले की पाहुण्याचे बोलणे ध्वनीऐवजी मजकूर म्हणून यजमानाकडे येते आणि यजमानाचा आवाज ते उच्चारतो. आभासी साउंड कार्डातून येणारा आवाज पुष्कळदा तुटक किंवा उशिरा येतो. तो त्रास यात राहत नाही.

तिसरी वाट : चित्रातून अक्षरे

पाहुण्याच्या बायोसचा पडदा किंवा अचानक आलेला निळा पडदा यांना पहिले दोन उपाय लागू पडत नाहीत. तेथे अक्षर-ओळख, म्हणजे ओसीआर, कामास येते. यजमानावर एनव्हीडीए असेल तर पाहुण्याच्या खिडकीवर असताना एनव्हीडीएची कळ आणि आर दाबल्यास, विंडोजच्या ओसीआरकडून त्या क्षणीचा मजकूर ओळखून घेतला जातो आणि बाणांच्या कळांनी ओळीओळीने वाचता येतो. ही सोय २०१७ पासून आहे.

तिची मर्यादाही विद्यार्थ्याला सांगावी. ओसीआर शब्द सांगते, परंतु यादीतील कोणती ओळ या क्षणी रंगाने उठावदार आहे हे सांगत नाही. त्यामुळे बाण किती वेळा दाबला हे मोजत जावे लागते आणि दर पायरीला पुन्हा वाचून खात्री करावी लागते. चुकले तर काय होईल ही भीती येथे नसते, कारण स्नॅपशॉट मागे उभा असतो.

दोन आवाज, एक कीबोर्ड

दोन्ही संगणकांत स्क्रीन रीडर चालू झाले की नवा गोंधळ सुरू होतो. आज्ञा कोणाला दिली आणि उत्तर कोणी दिले, हे कळेनासे होते. अनुभवी वापरकर्ते यासाठी पुढील काळजी घेतात.

१. दोन्हींचे आवाज वेगळे ठेवावेत. यजमानाचा पुरुषाचा व पाहुण्याचा स्त्रीचा, किंवा एकाची गती कमी. ऐकताक्षणी आपण कोठे आहोत हे कळले पाहिजे.

२. स्क्रीन रीडरची कळ वेगळी ठेवावी. यजमानात इन्सर्ट, पाहुण्यात कॅप्स लॉक, अशी वाटणी सोयीची पडते. मात्र कॅप्स लॉक एका संगणकात चालू आणि दुसऱ्यात बंद राहण्याचा प्रकार घडतो. पासवर्ड बरोबर असूनही नाकारला गेला तर प्रथम हेच तपासावे.

३. पाहुण्याच्या खिडकीपुरते यजमानावरील एनव्हीडीएला झोपवून ठेवता येते. इन्सर्ट, शिफ्ट आणि एस या कळांनी ही स्थिती चालू-बंद होते. त्यानंतर बाकीच्या साऱ्या आज्ञा सरळ पाहुण्याकडे जातात.

४. पाहुण्यातून बाहेर पडण्याची कळ आधी पाठ करून घ्यावी. व्हीएमवेअरमध्ये आत जाण्यासाठी कंट्रोल व जी आणि बाहेर येण्यासाठी कंट्रोल व ऑल्ट असते. परंतु एनव्हीडीए सुरू करण्याची नेहमीची आज्ञा कंट्रोल, ऑल्ट आणि एन अशी आहे. तिच्या पहिल्या दोन कळांनीच विद्यार्थी बाहेर फेकला जातो. व्हीएमवेअरच्या सेटिंगमध्ये बाहेर येण्याची कळ कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट अशी बदलून ठेवल्यास हा घोळ टळतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये बाहेर येण्याची कळ उजवा कंट्रोल आहे, आणि स्क्रीन रीडरचे बोलणे थांबविण्यासाठी अंध वापरकर्ते कंट्रोलच दाबतात. तेथे डावा कंट्रोल वापरण्याची सवय लावावी.

५. ब्रेल डिस्प्ले असेल तर तो यूएसबीमार्गे पाहुण्याला देता येतो. परंतु तेवढा वेळ तो यजमानाला मिळत नाही.

कोणता प्रोग्रॅम निवडावा?

व्हीएमवेअर वर्कस्टेशनचे मेनू आणि चौकटी स्क्रीन रीडरला बऱ्यापैकी वाचता येतात, आवाजही सेटअपपासून मिळतो. नोव्हेंबर २०२४ पासून हा प्रोग्रॅम सर्वांना विनामूल्य आहे. फक्त नोंदणी करावी लागते. पूर्वी खर्चामुळे तो बाजूला ठेवलेल्या संस्थांनी त्याचा पुन्हा विचार करावा. व्हर्च्युअलबॉक्सच्या चौकटी आवृत्तीप्रमाणे कमी-अधिक वाचल्या जातात. पण आज्ञा देऊन काम करण्याची तयारी असेल तर तो उत्तम आहे. हायपर-व्ही विंडोजच्या प्रो आवृत्तीत येतो, होममध्ये नाही. त्याच्या साध्या जोडणीत पाहुण्याला साउंड कार्डच मिळत नाही. वाढीव जोडणीत आवाज येतो, पण ती विंडोज पूर्ण बसल्यानंतरच उपलब्ध होते. म्हणून विंडोज बसविण्याच्या प्रात्यक्षिकासाठी तो गैरसोयीचा, आणि उत्तरांची फाइल किंवा पॉवरशेल शिकविण्यासाठी चांगला.

प्रयोगशाळेची पूर्वतयारी

शिक्षकाने सत्राच्या आरंभी करून ठेवावीत अशी कामे थोडीच आहेत. त्यांतले पहिले सर्वांत महत्त्वाचे. आभासी संगणक नीट चालण्यासाठी प्रोसेसरमधील एक सोय, इंटेलमध्ये व्हीटी-एक्स आणि एएमडीमध्ये एएमडी-व्ही, चालू असावी लागते. ती बंद असेल तर चालू करण्याची जागा खऱ्या संगणकाच्या बायोसमध्ये, म्हणजे त्याच मुक्या पडद्यावर असते. डोळस मदतीवाचून बहुधा न होणारी पायरी ही एवढीच. प्रयोगशाळा साहाय्यकाने ती एकदाच सर्व संगणकांवर करून ठेवली की वर्षभर कोणाला हाक मारावी लागत नाही.

दुसरे म्हणजे स्मृती. विंडोज ११ ला स्वतःलाच किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० लागते, आभासी टीपीएमची सोय व्हीएमवेअरमध्ये आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या ७.० पासूनच्या आवृत्तीत आहे. यजमानाला ८ जीबी असतील तर लिनक्स पाहुणा सुखाने चालतो. विंडोज पाहुण्यासाठी १६ जीबी असलेला एक संगणक राखून ठेवावा. स्मृती अपुरी पडली की सर्वांत आधी आवाज अडखळू लागतो, आणि अंध विद्यार्थ्याच्या दृष्टीने आवाज अडखळणे म्हणजे पडदा काळा होणे. तिसरे, हेडफोन द्यावा. म्हणजे इतरांना त्रास होत नाही आणि विद्यार्थ्यालाही संकोच वाटत नाही.

शिकविताना ‘येथे क्लिक करा’ असे म्हणण्याऐवजी कोणत्या मेनूतील कोणती आज्ञा, हे नावाने सांगावे. स्नॅपशॉटला ‘१’, ‘२’ असे आकडे न देता ‘डेबियन बसविल्यानंतर’ अशी ऐकून कळणारी नावे द्यावयास शिकवावे. याचा फायदा डोळस विद्यार्थ्यांनाही होतो.

मूल्यमापन

प्रात्यक्षिकाच्या वहीत पडद्याची चित्रे चिकटविण्याची प्रथा आहे. अंध विद्यार्थ्याला तीही अडवीत नाही; व्हर्च्युअलबॉक्समध्ये पाहुण्याच्या पडद्याचे चित्र एका आज्ञेने फाइलमध्ये साठविता येते. तथापि चित्रापेक्षा दिलेल्या आज्ञांची यादी आणि त्यांची उत्तरे मजकूर म्हणून मागितल्यास विद्यार्थ्याने काय केले हे अधिक स्पष्ट दिसते. वेळ थोडा जास्त द्यावा, पण काम तेच द्यावे : कोरा आभासी संगणक, ठरलेली डिस्क, ठरलेले भाग, आणि शेवटी चालू झालेली प्रणाली. हात विद्यार्थ्याचेच असावेत. मध्येच अडला तर शेजाऱ्याने कळ न दाबता फक्त पडद्यावर काय दिसते ते वाचून दाखवावे, एवढाच नियम पुरतो.

समारोप

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात दृष्टीचे अपंगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख आहे. त्यांच्यातील जे तरुण संगणकाच्या वर्गापर्यंत पोहोचतात, ते घरच्यांची काळजी, प्रवास आणि पुस्तकांची टंचाई यांतून वाट काढून आलेले असतात. प्रयोगशाळेत त्यांना खुर्ची मिळते; काम मिळते की नाही, हे शिक्षकावर अवलंबून राहते. आभासी संगणक सर्व अडचणी दूर करीत नाही. मुके पडदे त्यातही आहेत, दोन आवाजांचा गोंधळ आहे, पहिले दोन-तीन तास तर त्रासाचेच जातात. परंतु अडचण कोठे आहे आणि तिला कोणती वाट लागू पडते, हे शिक्षकाने एकदा समजून घेतले, तर ‘हे प्रात्यक्षिक तुझ्यासाठी नाही’ असे कोणत्याही विद्यार्थ्याला सांगण्याची वेळ येणार नाही. येत्या सत्रापूर्वी शिक्षकाने स्वतः मॉनिटर बंद करून, हेडफोन लावून, डेबियन एकदा बसवून पाहावे. या लेखातील बराचसा भाग त्या एका तासात अधिक चांगला समजेल.